चारशे अकरा कार्डं

छावणीतलं ते कॉलेज कागदोपत्री कुण्या संताच्या नावाचं होतं, पण ते नाव अख्ख्या औरंगाबादेत पोस्टमनशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. टांगेवाला असो की तहसीलदार, सगळे त्याला ‘फादरचं कॉलेज’ म्हणायचे. कारभारी दांडगे सर आज पंचाहत्तरी ओलांडून बसलेत, शहराचं नावसुद्धा बदललं, पण रिक्षात बसले की ते अजून ‘फादरच्या कॉलेजावर घे’ असंच सांगतात. रिक्षावाल्या पोराला कळलं नाही तर त्याच्यावरच खेकसतात.

कॉलेज म्हणजे केवढं, तर सव्वाशे पोरं. इतिहास, तर्कशास्त्र, मराठी, इंग्रजी शिकवायचं आणि बी.ए. करून सोडायचं, एवढाच कारभार. दगडी इमारत, मागं चाळीस पोरांचं वसतिगृह, बाजूला छोटं देऊळवजा चॅपेल आणि त्याच्यावर एक घंटा. दुपारी बाराला घंटा झाली की जो जिथं असेल तिथं मिनिटभर गप्प उभा राहायचा. ख्रिस्ती पोरं प्रार्थना पुटपुटायची, बाकीची जेवायला काय असेल याचा विचार करायची. तोंडात घास असलेला पोरगा घास तसाच धरून उभा राहायचा. पुढं कित्येक वर्षं शाळेत शिकवताना बारा वाजले की कारभारीचा खडू आपोआप थांबायचा आणि पोरांना वाटायचं, सर विसरले.

आणि मेसचं तर विचारूच नका. सोमवारी हिंदू पोरांचा उपास, शुक्रवारी ख्रिस्ती पोरांना मटण बंद, शनिवार मारुतीचा, गुरुवारी कुणी दत्ताचं करायचं. सगळ्यांचं राखता राखता स्वयंपाकीण चतुराबाई रोज वरण आणि भाकरीच करायची आणि वर म्हणायची, “देवांनीच तुमचं भलं केलंय, मी काय करू?” ती गंगापूरकडची, ख्रिस्ती, कपाळाला कुंकू नाही, पण पदर डोक्यावरून ढळू द्यायची नाही. पोरं तिला मावशी म्हणायची.

कारभारी या कॉलेजात आला तेव्हा पोलीस अ‍ॅक्शनला अठरा वर्षं झाली होती. गंगापूरजवळच्या वाडीवरचा शेतकऱ्याचा पोरगा, घरातला पहिला मॅट्रिक. बाप नानासाहेब धोतर सावरत, पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन सोबत आला होता. पोरानं वाटेत एसटीत एकच गोष्ट घोकली होती: शहरात आपलं खेडवळ बोलायचं नाही. प्रिन्सिपल फादर रेमंड गोरेपान, लांब पांढरा झगा, फ्रान्सच्या कुठल्या डोंगराळ मुलखातले. त्यांच्यापुढं उभा राहून कारभारी पुस्तकातल्यासारखं म्हणाला, “माझे नाव कारभारी नानासाहेब दांडगे असे आहे.”

फादरनं चष्म्यावरून बघितलं. “व्हय? कुन्या वाडीचा रं तू? औंदा कापूस कसा हाय तिकडं?”

नानासाहेबांच्या तोंडाचा आ वासला. फादर रेमंड कॉलेज काढण्याआधी अठरा वर्षं गंगापूरकडच्या खेड्यापाड्यांत राहिले होते आणि मराठी तिथल्या बाजेवर बसून शिकले होते. त्यांना दुसरी मराठी येतच नव्हती. नानासाहेब खाली बसले ते तासभर कापसावर बोलत राहिले आणि जाताना पोराला म्हणाले, “मानूस आपला हाय.” कारभारीला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बोलीपासून पळून इथवर आलो, ती पुढं येऊन खुर्चीत बसली होती.

फादरना एकच नाद होता, शब्दांचा. खेड्यात ऐकलेला प्रत्येक शब्द ते पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डावर लिहून ठेवत. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली तो वापरलेलं वाक्य आणि ते कुणाच्या तोंडून ऐकलं त्या माणसाचं नाव आणि गाव. अशी हजारो कार्डं साबणाच्या लाकडी खोक्यांत लावून ठेवलेली होती. फादरचं अक्षर मात्र कोंबडीनं उकरल्यासारखं, म्हणून ती नव्या कार्डांवर सुवाच्य उतरवून जुनी टाकून द्यायचं आणि खोकी सांभाळायचं काम त्यांनी मधुसूदनला दिलं होतं. त्या बदल्यात मधुसूदनला वसतिगृहात राहायला आणि जेवायला फुकट.

मधुसूदन पैठणचा, कारभारीच्याच वर्गातला, शेजारच्याच खाटेवर झोपणारा. त्याचे वडील केशवराव निजामाच्या अमदानीत कचेरीत कारकून होते. सारी उमर उर्दूत दफ्तर लिहिलं, राज्य गेलं तशी ती उर्दूही कामातून गेली आणि केशवराव वेळेआधीच घरी बसले. पोराला शिकवायची ऐपत नव्हती. ते फुकटचं काम होतं म्हणून मधुसूदन कॉलेजात होता. काम गेलं की पैठणची एसटी, एवढं सरळ होतं ते. पोरगा वाळकुडा, चष्मेवाला, वादविवादात पट्टीचा. कारभारी त्याला मध्या म्हणायचा. खाम नदीच्या काठानं फिरायला, पाणचक्कीच्या कट्ट्यावर बसून लोकांची टिंगल करायला, गुरुवारच्या बाजारात उगाच बैलांचे दात बघायला दोघं जोडीनं. मध्याला बैलाचं शेपूट कुठल्या बाजूला असतं तेही नीट माहीत नव्हतं, आणि तरी तो दिवसभर नांगर-वखराचे शब्द उतरवत बसायचा याचं कारभारीला फार हसू यायचं.

त्या साली थंडी कडक पडली. वसतिगृहाच्या मागं मोठा तांब्याचा बंब होता. रोज पहाटे एकेका पोराची पाळी असायची, उठून बंब पेटवायची. जळणाला कापसाच्या पऱ्हाट्या आणि पेटवायला रद्दी. जुन्या परीक्षांचे पेपर मागच्या पडवीत खोक्यांत भरून ठेवलेले असत, तेच त्यासाठी. शुक्रवारची पाळी कारभारीची होती. पऱ्हाट्या दवानं ओल्या, हात गारठलेले, काही केल्या पेट घेईना. कारभारीनं अंधारातच पडवीतलं हाताला लागलं ते खोकं उचललं आणि त्यातले गठ्ठे एकामागून एक बंबात सारले. जाड कागद, छान धरला. कारभारीनं हात शेकले, गाणं गुणगुणला. त्या दिवशी चाळीस पोरांनी कढत पाण्यानं अंघोळ केली आणि कधी नव्हे ते कारभारीचं कौतुक झालं.

न्याहरीला मधुसूदन धावत आला. चेहरा पांढराफटक. “खोकं बघितलं का कुणी? शेतीच्या शब्दांचं? वाळवी लागायला लागली म्हणून काल उन्हात ठेवलं होतं पडवीत. संध्याकाळी वादविवादाला गेलो, आत घ्यायचं राहिलं.”

कारभारीला पहाटेचा तो जाड कागद आठवला. चारशे बारा कार्डं. फादरची तीन वर्षांची पायपीट. त्यानं पाणी प्यायलं, अजून प्यायलं, आणि तोंड उघडलं नाही. आज इतक्या वर्षांनी ते सांगताना सर म्हणतात, “तेव्हाच बोललो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं.” पण तो तेव्हा बोलला नाही. भित्रा होता, दुसरं काय?

वसतिगृहाचे वॉर्डन ब्रदर पास्कल शिस्तीचे माणूस. त्यांनी चौकशी लावली. रद्दी नेणारा फकिरा गुरुवारी संध्याकाळी येऊन गेला होता. त्याला बोलावलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, “ब्रदरसाब, मैंने नै उठाया. पेपरांचं खोकं तुम्हीच दिलं तेवढंच नेलं.” ब्रदरना ते पटलं नाही. पण फकिराला काय करणार? त्यांनी बोट मधुसूदनकडं वळवलं. कार्डं याच्या ताब्यात, पडवीत यानंच ठेवली, रद्दीवाला आला तेव्हा हा जवळपास होता. हयगय तरी केली, नाहीतर विकली तरी. गरिबाच्या पोराबद्दल असा संशय घ्यायला पुरावा लागत नाही.

शनिवारी संध्याकाळी कारभारी चॅपेलच्या बाहेर ओट्यावर बसला होता. आत ख्रिस्ती पोरांची रांग लागलेली. कडेला एक लाकडी कपाटासारखं काहीतरी होतं, मध्ये जाळी, एका बाजूला फादर बसलेले, दुसऱ्या बाजूला एकेक पोरगा गुडघे टेकायचा, काहीतरी कुजबुजायचा आणि बाहेर यायचा तो डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखा. कारभारीनं एकाला विचारलं, “काय असतं रे तिथं?”

“चुका सांगायच्या,” तो म्हणाला. “फादर ऐकून घेतात. झालं.”

कारभारीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याला वाटलं, ही प्रिन्सिपलपुढं चूक कबूल करायची कॉलेजची रीत दिसते. तोंड दाखवायचं नाही, नाव सांगायचं नाही, जाळीतून सांगून मोकळं व्हायचं. प्रिन्सिपलला खरं कळतं, निरपराधाची सुटका होते, आणि आपण दिसतही नाही. शेतकऱ्याच्या पोराला कचेरीची खिडकी माहीत होती. देवाची खिडकी वेगळी असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टायरच्या चपला बाहेर काढून तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याची पाळी आली तशी जाळीला तोंड लावून त्यानं एका दमात सगळं ओकलं. बंब, अंधार, गठ्ठे. “मध्याचा काय बी दोस नाय,” असंही म्हणाला. घाबरल्यामुळं त्याची पुस्तकी मराठी कुठल्या कुठं पळाली होती.

मग फादर हळू म्हणाले, “आनखी काय?”

“नाय.”

“मंग जा. आता जे नीट कराया पायजे, ते नीट कर.”

कारभारी तरंगतच बाहेर आला. आणि त्यानं नीट केलंही! रविवारी दुपारी चिंच लावून तो तांब्याचा बंब असा घासला की तोंड दिसावं. हौद धुतला, पाणी भरलं, पडवी झाडली. रात्री मध्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काळजी करू नको, सगळं मिटणार.” मध्यानं त्याच्याकडं चष्म्यातून नुसतं बघितलं.

सोमवारी फळ्यावर नोटीस लागली. मधुसूदननं येत्या शनिवारी दुपारपर्यंत वसतिगृह सोडावं, वडिलांना कळवलेलं आहे. खाली ब्रदर पास्कलची सही. प्रिन्सिपलच्या सहीची जागा मोकळी.

कारभारीचं डोकं भणाणलं. या माणसाला आपण सगळं सांगितलं आणि तरी तो मध्याला हाकलू देतो? कार्डं गेल्याचा राग कुणावर तरी काढायचा म्हणून? ‘मानूस आपला हाय’ म्हणे! त्या आठवड्यात फादर रोज संध्याकाळी पाच ते सहा आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. एरवी ते त्या वेळी बागेत फेऱ्या मारत. आता नुसते बसून. बाकावर शेजारी जागा मोकळी. कारभारी तिथूनच जायचा, मुद्दाम मान वळवून. फादर “काय रं, बरा हाईस?” एवढंच म्हणायचे. कारभारी उत्तर द्यायचा नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी नाही. खोलीत मध्या ट्रंकेत पुस्तकं भरत होता. त्यानं वादविवादाचं बक्षीस मिळालेला पेला वर्तमानपत्रात गुंडाळला, ते कारभारीनं पांघरुणातून बघितलं.

शुक्रवारी सकाळी त्याच्यानं राहवेना. भाकऱ्या थापणाऱ्या चतुराबाईपुढं जाऊन तो बसला. “मावशी, तुमचा फादर लबाड हाय.”

बाईंचा हात परातीतच थांबला. “जीभ आवर. काय झालं?”

“मी त्यांना समदं सांगितलं शनिवारी. त्या जाळीत जाऊन. तरी मध्याला...”

“तू?” चतुराबाई उठूनच उभी राहिली. “जाळीत? तू गेला व्हतास?”

“व्हय. मंग? खरं काय ते सांगितलं...”

“गप! मला नको सांगू. एक शब्द नको.” तिनं पिठाचे हात पुसले, जवळ येऊन बसली. आवाज उतरला. “ल्येकरा, जाळीत सांगितलेलं देवाला सांगितलेलं असतं. फादर निस्ता कान. तिथं ऐकलेलं त्याला बाहेर बोलता येत नाय. मान कापली तरी नाय. त्याच्यावरनं काय करता बी येत नाय, कुनाला सोडवता बी येत नाय, तुला खुणावता बी येत नाय. त्या मान्साच्या पोटात खरं काय ते हाय, आन् तोंडाला कुलूप तू घातलंस.”

भाकरी तव्यावर करपली. मोकळी सही, तो बाक, शेजारची जागा, रोजचं ‘बरा हाईस?’... सगळं कारभारीच्या अंगावर आलं. फादर त्याला काहीच सांगू शकत नव्हते, म्हणून रोज येऊन नुसते बसत होते. आणि हा गडी मान वळवून जात होता. त्याला आपल्या स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

तरी तो त्या दिवशी गेला नाही, हे सांगायलाच हवं. बाकापर्यंत गेला आणि माघारी फिरला. कॉलेज सुटलं तर बापाला काय तोंड दाखवू, हा विचार त्याला खेचून माघारी नेत होता.

शनिवारी केशवराव पैठणहून पहिल्या एसटीनं आले. काळी अचकन, जुनी पण इस्त्रीची, डोक्याला टोपी. पोराच्या खोलीत येऊन त्यांनी काही विचारलं नाही. खाली बसून ट्रंकेला सुतळी बांधायला लागले, कारण कडी तुटकी होती. कारभारीला म्हणाले, “बेटा, जरा या गाठीवर बोट धरता का?”

कारभारीनं बोट धरलं. म्हाताऱ्या हातांनी आवळलेली ती गाठ त्याच्या बोटावर बसली आणि त्याला जागेवर बसवेना. बोट ओढून तो उठला आणि अनवाणीच ऑफिसकडं पळत सुटला.

आत फादर टेबलाशी, पुढं नोटीस, हातात पेन. ब्रदर पास्कल शेजारी उभे. मागोमाग केशवराव आणि मधुसूदनही पोचले. दारातच कारभारी म्हणाला, “कार्डं मी जाळली.”

कारभारी फादरकडं बघत होता. त्याला वाटलं, आता तरी या माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. पण फादरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि नव्यानंच ऐकत असल्यासारखं विचारलं, “तू जाळली? कशी काय?”

कारभारीनं सांगितलं. फादरनं एकेक विचारलं. कवा? खोकं कुठं व्हतं? बंब पेटंना म्हणून? किती गठ्ठे घातलेस? आठ दिवसांपूर्वी जाळीतून ऐकलेली एकही गोष्ट त्यांनी माहीत असल्यासारखी धरली नाही. कारभारीनं सगळं दुसऱ्यांदा सांगितलं, या वेळी उजेडात, मित्राच्या बापासमोर, आणि सांगताना रडला.

फादरनं पेनाला टोपण लावलं. नोटीस उभी फाडली. ब्रदर पास्कल काही बोलणार होते, त्यांच्याकडं बघून म्हणाले, “ब्रदर, पोरगं आपल्या पायानं आलंय.” मग कारभारीला म्हणाले, “चारशे बारा शब्द घातलेस बंबात. चारशे बारा आनून द्यायचे. तू इचारायचं, ह्यानं लिहायचं.”

ब्रदर पास्कलही मनाचे सरळ. त्यांनी सर्वांसमक्ष केशवरावांची माफी मागितली आणि दुपारी सायकल काढून फकिराकडंही जाऊन आले. केशवराव म्हणाले, “फादरसाहेब, हमारा लडका...” आणि फादरचा हात दोन्ही हातांत धरला.

मधुसूदन पंधरा दिवस कारभारीशी बोलला नाही. एकदाच बोलला, संध्याकाळी, खाटेवर बसून. “तू आठ दिवस माझ्या शेजारी झोपत होतास, कारभारी.” कारभारी रोज मध्याची बादली भरून ठेवायचा. मग एका शनिवारी मध्या त्या बादलीतलं पाणी बघून म्हणाला, “फार कढत करतोस. उद्या कार्डं घेऊ, रविवार आहे.”

आणि मग सुरू झाले ते रविवार. पुढं आयुष्यात नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, पण तसे रविवार कारभारीला पुन्हा मिळाले नाहीत. एसटीच्या टपावरून सायकली न्यायच्या, गंगापूरच्या पुढं उतरायचं, बांधाबांधानं हिंडायचं. कारभारी म्हाताऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलायचा, आधी चोरून, मग मोकळेपणी. मध्या बाभळीखाली बसून लिहायचा. पेरायची तिफन, तिच्यावरचं चाडं, जुवाची शिवळ, खळ्यातला तिवडा, मोटेचा सोंदूर. कारभारीची आई सारजाबाई चुलीपुढं बसून शब्दामागून शब्द सांगायची आणि आपलं नाव कार्डावर लिहिलेलं बघून लाजायची. “माझं बोलनं लिव्हत्यात व्हय? येड लागलं का त्या फादरला?” ज्या बोलीची कारभारीला लाज वाटायची, तिचं एकेक कार्ड फादर दिव्याखाली धरून असे वाचायचे की पोराची छाती फुगायची. परीक्षेआधी चारशे अकरा झाली. फादरनं मोजली आणि म्हणाले, “एक राहिला रं.”

तो एक मग वर्षानुवर्षं झाला नाही. दरवर्षी दिवाळीनंतर दोघं फादरना भेटायला जायचे आणि एक नवा शब्द कार्डावर लिहून न्यायचे. फादर वाचायचे, डोळे मिचकावायचे आणि कार्ड परत द्यायचे. “ह्यो तर हाय आपल्याकडं. फुडल्या साली दुसरा आना.” कारभारी गंगापूरला मास्तर झाला, मधुसूदन पैठणच्या शाळेत. बायका म्हणायच्या, हे काय दरवर्षी शब्द घेऊन जाणं? पण ते कधी चुकलं नाही.

बावीस वर्षांनंतरची दिवाळी. फादर रेमंड छावणीतल्याच एका खोलीत आजारी होते, पाय सुजलेले, आवाज बारीक. डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्या दिवशी कारभारीनं नेलेला शब्दही त्यांनी ‘हाय आपल्याकडं’ म्हणून परत केला. मध्या औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर गेला तसा कारभारी खुर्ची ओढून जवळ बसला. “फादर, एक इचारू? तवा तुमाला आधीच ठाव व्हतं ना?”

“काय?”

“बंबाचं. मी जाळीत आलो व्हतो तुमच्याकडं.”

फादरनं त्याच्याकडं बघितलं. डोळे तेच, मिचकावणारे, पण तोंडावर काही नाही. “तू तर हिंदू. तू कशाला येशील जाळीत?” म्हणाले, आणि मग, “कापूस कसा हाय औंदा?”

कारभारी हसला आणि त्याचे डोळे भरले. मरायला टेकला तरी हा माणूस कुलूप काढणार नव्हता. आपण उजेडात स्वतःहून आलो, एवढंच जगाला ठाऊक होतं, आणि ती अब्रू बावीस वर्षं या म्हाताऱ्यानं राखली होती.

बाहेर फाटकाशी मधुसूदन उभा होता. कारभारीनं त्याला तिथंच धरलं. “मध्या, तुला एक सांगायचंय. मी आधी जाळीत जाऊन सांगितलं होतं, तुझ्या नोटिशीच्याही आधी. तोंड न दाखवता सुटायला बघत होतो. तू मला समजतोस तेवढा मी...”

“तू जाळली होतीस, हे मला शनिवारीच कळलं होतं,” मधुसूदन म्हणाला. “तू चॅपेलकडं जाऊन बसलास, तेव्हाच.”

“कसं?”

मधुसूदननं खिशातून पाकीट काढलं, त्यातून एक कार्ड. एक कड जळून काळी झालेली, बाकी शाबूत. “बंबाची राख काढताना सापडलं. माझंच अक्षर. शुक्रवारची पाळी तुझी.”

कारभारीनं ती जळकी कड बघितली. “आणि तू गप्प राहिलास? हे दाखवलं असतंस तर तू सुटला असतास!”

“तुझी वाट बघत होतो.”

“आणि मी आलोच नसतो तर?”

“वडील ट्रंक बांधत होते तेव्हा कार्ड सदऱ्याच्या खिशातच होतं,” मधुसूदन म्हणाला. “एसटी यायच्या आत दाखवलं असतं. मी काही संत नाही.” त्यानं पाकीट मिटून खिशात घातलं. “पण तू पळत गेलास. नंतर हे दाखवायचं म्हणजे तुला कळणार की मला आधीच माहीत होतं. दरवर्षी खिशात घालून आणतो आणि दरवर्षी तसंच परत नेतो.”

कारभारीनं ते कार्ड हातात घेतलं. वर मध्याच्या कोवळ्या वयातल्या सुबक अक्षरात शब्द होता, ‘सावड’. खाली अर्थ: दोन शेतकऱ्यांनी आळीपाळीनं एकमेकांच्या रानात कामाला जाणं. गावाचं नाव जळून गेलं होतं. त्यानं मध्याच्या दंडाला धरलं आणि दोघं परत आत गेले.

फादर जागे होते. कारभारीनं कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, सावकाश वाचलं, जळक्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काळं लागलं. ते कुठून आलं, इतकी वर्षं कुणाकडं होतं, काही म्हणता काही त्यांनी विचारलं नाही.

“सावड,” ते म्हणाले. “ह्यो तर हाय आपल्याकडं.”

दोघं हात पुढं करून उभे राहिले, दरवर्षीसारखे. पण फादरनं त्या साली कार्ड परत दिलं नाही. उशाच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ते नीट घातलं, पुस्तक मिटलं आणि त्याच्यावर हात ठेवून डोळे मिटले.